व्हेटकडे जाण्याआधी घरी काय बघून ठेवायचं? (कुत्री आणि मांजरं)

उंबरठा

बरेच दिवस हा विषय काढायचं मनात होतं. आपल्या ह्या फोरमवर कुत्र्या-मांजरांच्या आजारपणावर धागे येतात ते बहुतेक "ह्याला काय देऊ" असेच असतात, आणि खाली जो तो आपापलं औषध सांगतो. मला ते पटत नाही. औषध डॉक्टरांनी द्यायचं. पण डॉक्टरांना निदान नीट करता यावं म्हणून आपण घरून काय घेऊन जायचं यावर कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते अर्धं काम तिथेच असतं.

क्लिनिकमधलं जनावर हे घरातलं जनावर नसतंच. घरी पाय उचलून चालणारा कुत्रा तिथे बाकीची कुत्री बघून, नवनवे वास घेऊन इतका ताठ होतो की टेबलावर जाईपर्यंत लंगडणं गायब. मांजर तर अंग चोरून गप्प बसतं, हात लावला तरी हलत नाही. घाबरलेल्या मांजराची रक्तातली साखरसुद्धा नुसत्या ताणाने वर जाते, त्यामुळे तेवढ्या एका रिपोर्टवरून डायबेटिस ठरवता येत नाही. डॉक्टर त्याला थोडा वेळ बघणार, आपण दिवसभर बघतो. मग आपण जे सांगू त्यावरच पुढचं सगळं चालतं ना.

एक उदाहरण देतो. "खात नाही" हे वाक्य प्रत्येक जण सांगतो. पण त्यात कमीत कमी तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. भांड्यापर्यंत येतो, वास घेतो, ओठ चाटतो, लाळ गिळतो आणि मान फिरवून निघून जातो, तर बहुतेक मळमळतंय. तोंडात घेतो, एकाच बाजूने चावायला बघतो, घास खाली पडतो, मांजर असेल तर मध्येच पंजाने तोंड घासतं, तर भूक आहे पण तोंड दुखतंय, दात आणि हिरड्या बघायला हव्यात. आणि हाक मारली तरी कोपऱ्यातून उठतच नाही, हे तिसरं, आणि हे सगळ्यात वाईट. तीन वेगळे रस्ते आहेत, पण आपण सांगताना एकच शब्द सांगतो.

उलटीचंही तसंच. पोट आतबाहेर होतंय, उबळ येतेय, मग बाहेर पडतंय, ही खरी उलटी. पण काही जोर न लावता, नुसती मान खाली केली की न पचलेलं जसंच्या तसं बाहेर येत असेल तर तो प्रश्न पोटाचा नाही, अन्ननलिकेचा असू शकतो. जुलाबात, दिवसातून दोनतीनदाच पण भरपूर पातळ, की सारखं सारखं थोडं थोडं, कुंथून, आव पडून आणि शेवटी ताज्या लाल रक्ताचा थेंब? पहिलं लहान आतड्याकडे बोट दाखवतं, दुसरं मोठ्या. शी काळी कुळकुळीत आणि चिकट झाली असेल तर वरच्या बाजूला कुठेतरी रक्तस्राव होत असू शकतो, ते त्याच दिवशी दाखवायचं.

हे सगळं तोंडी सांगता येत नसेल तर मोबाईलवर व्हिडिओ काढा. खोकला, झटका (फिट), लंगडणं, विचित्र श्वास, काहीही असो, व्हिडिओ डॉक्टरांना दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगतो. आणि एक सवय सगळ्यांनी लावून घ्या, जनावर गाढ झोपलेलं असताना छाती मिनिटात किती वेळा वर-खाली होते ते मोजा. कुत्रा असो की मांजर, झोपेत ३० च्या आत असायला हवं. रोज तेवढं असेल आणि एके दिवशी ४० दिसायला लागलं तर थांबू नका, हृदयाचा त्रास असलेल्यांमध्ये फुप्फुसात पाणी साठतंय हे बऱ्याचदा सगळ्यात आधी ह्या आकड्यावरूनच कळतं.

तुम्ही काय काय बघता ते लिहा.

गोट्याची_आई

खूप उपयोगी धागा. मला ताप कसा बघायचा ते सांगा ना कोणीतरी. आमच्याकडे सगळे नाकाला हात लावतात, नाक कोरडं म्हणजे ताप असं. आणि अंग तर नेहमीच गरम लागतं.

टेबलाजवळ

मी एका प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करते, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून लिहिते.

नाकावरून काहीच कळत नाही. झोपेतून उठलेल्या ठणठणीत कुत्र्याचं नाकही कोरडं असतं. आणि अंग गरम लागणारच, कारण त्यांचं नॉर्मल तापमानच आपल्यापेक्षा जास्त असतं, साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे ३८.३ ते ३९.२ सेल्सिअस. डिजिटल थर्मामीटर वेगळा ठेवा, टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात अलगद थोडासाच आत. एकाने डोकं धरायचं, बोलत राहायचं, दुसऱ्याने लावायचं. १०३ च्या वर गेला की ताप समजा आणि फोन करा, पण उड्या मारून खेळून आल्या आल्या मोजू नका, तेव्हा तसाही वाढलेलाच असतो. मांजर फारच चिडत असेल तर हट्ट नको, ते आम्ही बघू.

तापापेक्षा मी सांगेन हिरड्या बघायला शिका. वरचा ओठ हळूच उचला, हिरडीवर बोट दाबा, जागा पांढरी होईल, बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. पांढरट, पिवळसर, निळसर किंवा विटकरी लाल दिसल्या तर वाट बघू नका. पण ह्यासाठी निरोगी असतानाचा रंग माहीत हवा, काहींच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, मग डोळ्याची खालची पापणी ओढून आत बघायचं.

आणि उंबरठा यांनी लिहिलंय त्याला माझी एक जोड. घरी काय दिलं ते लपवू नका. हे मी हात जोडून सांगते. मालक सांगतात "काही दिलं नाही हो", आणि मग हळूच घरातलं दुसरं कोणी म्हणतं की काल रात्री आपली तापाची गोळी अर्धी दिली होती. कोणी रागावणार नाही, पण ते आम्हाला कळलंच पाहिजे. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. मांजराच्या लिव्हरला ते औषध नीट मोडता येत नाही, रक्त ऑक्सिजन वाहून न्यायचं बंद करतं, हिरड्या चॉकलेटी-निळ्या होतात, तोंड आणि पंजे सुजतात. त्यावर उतारा आहे पण तो तासांच्या हिशोबात द्यावा लागतो. माणसांच्या दुखण्यावरच्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाते. आणि समजा तुम्ही घरी अशी गोळी दिलीय, आम्हाला सांगितलं नाही, आणि इकडे डॉक्टरांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, तर दोन्ही मिळून आतड्याला भोक पडण्यापर्यंत जाऊ शकतं. स्ट्रिप उचला आणि सोबत आणा. काही विषारी खाल्लंय असं वाटत असेल तरी तेच, पाकीट, बाटली, चावलेलं रोप, जे असेल ते पिशवीत घालून आणा. आणि विचारल्याशिवाय घरी उलटी करवू नका, काही गोष्टी परत वर येताना जास्त जाळतात.

माऊची_सावली

टेबलाजवळ, तुमच्या पोस्टला शंभर मोदकांएवढे धन्यवाद. रोपाचं निघालंच आहे तर मांजरवाल्यांनो, लिली घरात आणू नका. पान, फूल, दांडा तर सोडाच, परागकण अंगावर पडले आणि मांजराने ते चाटले तरी किडनी बंद पडू शकते, फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी. बुके आला तर आधी तो उघडून बघा.

आणि गोचिड-पिसवांचे मानेवर लावायचे ड्रॉप्स. कुत्र्याच्या बऱ्याच ड्रॉप्समध्ये परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, ते मांजराला लावलं तर झटके येतात. घरात दोन्ही असतील तर कुत्र्याला लावल्यावर ते वाळेपर्यंत मांजर त्याला चिकटून झोपणार नाही एवढं बघा.

भूभू_पार्टी

मला दुसरी बाजू मांडायचीय. तुम्ही सगळे म्हणताय बघा, सांगा, व्हिडिओ काढा, पण मग हल्ली प्रत्येक वेळी रक्त, सोनोग्राफी, एक्सरे कशाला? आमचे आधीचे जुने डॉक्टर नुसतं पोट दाबून सांगायचे. आता आत गेलं की आधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. मला हे टेस्टचं प्रकरण अजिबात आवडत नाही, आणि जनावराला सुया टोचायचा त्रास होतो तो वेगळाच.

उंबरठा

भूभू, तुमचा वैताग मला कळतो, पण सगळ्या टेस्ट एका पारड्यात टाकू नका. गोचिडताप घ्या. कुत्रा सुस्त, थोडा ताप, जेवण कमी. बाहेरून बघून हे दहा आजारांचं चित्र असू शकतं. सीबीसीत प्लेटलेट्स पडलेल्या दिसल्या, स्मिअरमध्ये (काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात त्यात) लाल पेशीत बबेसिया हा परजीवी दिसला, तर रस्ता ठरतो, आणि गोचिडातूनच येणाऱ्या एर्लिकिया ह्या जिवाणूचं औषध वेगळं, बबेसियाचं वेगळं. नुसतं पोट दाबून हे कसं कळणार? नाकातून रक्त यायला लागेपर्यंत थांबायचं का?

मी एकच प्रश्न विचारतो आणि सगळ्यांनी तो विचारावा, अगदी सरळ, नम्रपणे. "डॉक्टर, ह्या टेस्टचा रिपोर्ट असा आला तर आपण काय करणार आणि तसा आला तर काय करणार?" उत्तर दोन्हीकडे एकच असेल तर ती टेस्ट आत्ता थांबू शकते. चांगला डॉक्टर ह्या प्रश्नाने दुखावत नाही, उलट समजावून सांगतो. आणि पैशांची अडचण असेल तर तेही पहिल्याच भेटीत बोला. कशाची गरज आधी आणि कशाची नंतर हे ते लावून देऊ शकतात, पण आपण गप्प बसलो आणि मग औषध अर्ध्यात सोडलं तर दोन्हीकडून नुकसान.

टेबलाजवळ

बरोबर. आणि पोट दाबून कळतं ते अजूनही सगळे डॉक्टर करतातच, ते बंद झालेलं नाही. फक्त किडनीसारख्या गोष्टीत हात काही सांगत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) वाढलेलं दिसायला लागतं तोवर किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम गेलेलं असतं. म्हणून म्हाताऱ्या मांजरांची लघवी तपासायला सांगतात, ती पातळ होत चालल्याचं त्याच्या आधी कळतं.

काळा_बोका

मध्येच विचारतो, माफ करा, वेगळा धागा काढायला वेळ नाही. आमचा बोका काल संध्याकाळपासून सारखा लिटर बॉक्समध्ये जाऊन बसतोय, कुंथतोय, काही होत नाहीये. आई म्हणते पोट साफ होत नाही, एरंडेल देऊया थोडं. आज सकाळपासून खालचा भाग सारखा चाटतोय आणि मघाशी एकदा ओरडला. उद्या रविवार म्हणून विचारतोय, सोमवारी नेला तर चालेल का?

माऊची_सावली

नाही. आत्ता न्या. एरंडेल देऊ नका.

टेबलाजवळ

काळा_बोका, आत्ता निघा, वाचत बसू नका. बॉक्समध्ये लघवीने वाळूचा ओला गोळा झालाय का ते एकदा बघा. नसेल तर ही शी अडलेली नाही, लघवी तुंबलेली असण्याची शक्यता जास्त आहे. पोट दाबून बघू नका, मूत्राशय भरलेलं असतं, फुटू शकतं. निघताना फोन करा आणि हेच शब्द वापरा, "नर मांजर आहे, कुंथतोय, लघवी होत नाहीये." जवळचं बंद असेल तर रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी कोण बघतं ते त्यांनाच विचारा.

बाकीच्यांसाठी लिहिते. बोक्याची मूत्रनळी टोकाशी फार अरुंद असते. बारीक खडे, चिकट गाळ त्यात अडकतो. लघवी साठली की किडनीवर उलटा दाब येतो, रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडतात. पूर्ण तुंबलं तर दिवस-दोन दिवसांत मांजर दगावतं. आणि दिसायला हे हुबेहूब बद्धकोष्ठासारखं दिसतं, तीच बसायची पद्धत, तेच कुंथणं. बोका लिटर बॉक्समध्ये वारंवार जातोय आणि काही होत नाहीये, याला "उद्या बघू" नाही.

गोट्याची_आई

बाप रे. मला हे माहीतच नव्हतं. असं अजून काय काय आहे ज्यात थांबायचं नाही?

उंबरठा

मी माझ्याकडे लिहून ठेवलेलं आहे ते टाकतो, यात भर घाला. मांजर तोंड उघडं टाकून धापा टाकतंय, कुत्र्यासारखं. मांजर अचानक मागचे पाय ओढतंय, पाय गार पडलेत, जिवाच्या आकांताने ओरडतंय, रक्ताची गुठळी अडकलेली असू शकते. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगलंय, ओकाऱ्या काढतोय पण बाहेर फेसाशिवाय काही येत नाही, अस्वस्थ आहे, बसवत नाही. यात पोटाला पीळ पडलेला असतो आणि ऑपरेशनशिवाय मार्ग नाही. झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला किंवा लागोपाठ आले. उन्हात राहून धापा, लाळ, लडखडणं, विशेषतः चपट्या नाकाची कुत्री. यात आधी जागेवरच साध्या गार पाण्याने अंग भिजवा, वारा घाला आणि मग निघा, ओलं जाड फडकं अंगावर गुंडाळून ठेवू नका, ते उष्णता आत कोंडतं.

शेपटीवाली

माद्यांचं राहिलं. नसबंदी न केलेली कुत्री, माज संपून महिना-दोन महिने झालेत, आणि अचानक पाणी खूप पितेय, सुस्त आहे, खात नाही. गर्भाशयात पू झालेला असू शकतो, पायोमेट्रा. खालून स्राव दिसला तर लगेच लक्षात येतं, पण गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही आणि तोच प्रकार जास्त धोक्याचा. आमच्या कुत्रीच्या वेळी डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला होता, शेवटचा माज कधी आला होता? मी कॅलेंडरवर खूण करून ठेवते म्हणून लगेच सांगता आलं, त्यांनी तिथल्या तिथे सोनोग्राफी केली आणि त्याच रात्री ऑपरेशन झालं. तारखा लिहून ठेवा. माज, जंताचं औषध, लस, सगळ्या.

नवीन_पिल्लू

लसीवरून आठवलं. पिल्लू आणलंय, दोन महिन्यांचं. पहिली लस झाली, बाहेर फिरवू का? शेजारचे म्हणतात एक झाली की झालं.

टेबलाजवळ

एक झाली की झालं नाही. पिल्लाला आईच्या दुधातून अँटिबॉडी मिळतात, त्या त्याला वाचवतात पण लसीलाही काम करू देत नाहीत. त्या कधी संपतात हे प्रत्येक पिल्लात वेगळं, म्हणून दर ३-४ आठवड्यांनी लस द्यायची आणि शेवटची १६ आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा त्यानंतर. मधली लस "चुकली तर काय होतंय" म्हणून सोडतात, आणि शेवटची तर हमखास सोडतात, तीच सगळ्यात महत्त्वाची. रेबीजची वेगळी, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या वयाला.

पार्व्हो हा जीवघेण्या उलट्या-जुलाबांचा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला आणि तेव्हापासून पिल्लांचा काळ आहे. आजारी कुत्र्याच्या शीतून बाहेर पडतो आणि जमिनीत महिनोन् महिने टिकतो, नेहमीच्या फिनाईलने मरत नाही, ब्लीच लागतं. तुमच्या चपलेवरून घरात येतो. त्यामुळे लसीकरण पूर्ण होईपर्यंत जिथे अनोळखी कुत्री शी-शू करतात तिथे जमिनीवर ठेवू नका. पण घरात कोंडूनही ठेवू नका. कडेवर घेऊन रस्ता दाखवा, गाड्यांचे आवाज, माणसं, लस झालेल्या ओळखीच्या कुत्र्यांची ओळख. ह्या वयात जग बघितलं नाही तर मोठेपणी भित्रा होतो, आणि मग क्लिनिकमध्ये त्याला धरायला चौघं लागतात. आत्तापासून पंजे, कान, तोंड हाताळायची सवय लावा, खाऊ देत देत.

भूभू_पार्टी

मग मोठ्या कुत्र्यांना दर वर्षी सगळ्या लसी कशाला?

टेबलाजवळ

सगळ्या नाही. वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटरनरी असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचना अशा आहेत की डिस्टेंपर, पार्व्हो, ॲडिनोव्हायरस ह्या मुख्य लसी मोठ्या कुत्र्याला तीन वर्षांपेक्षा लवकर परत लागत नाहीत, अर्थात लहानपणचा कोर्स नीट झालेला असेल तर. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) मात्र दर वर्षी लागते कारण तिचं संरक्षण कमी टिकतं. रेबीजचं त्या त्या ठिकाणच्या कायद्यावर आणि लसीवर अवलंबून. तुमचं म्हणणं इथे योग्य आहे भूभू, डॉक्टरांशी बोलून कुठली लस कधी ते ठरवा. पण वर्षातून एकदा तपासणी मात्र चुकवू नका, त्यांचं एक वर्ष आपल्या बऱ्याच वर्षांएवढं असतं.

रेबीजबद्दल एक. कुत्रा तोंड उघडं ठेवून आहे, लाळ गळतेय, गिळता येत नाही, आवाज बदललाय. लोकांना वाटतं घशात हाड अडकलं आणि सरळ हात घालतात. लस झालेली असो नसो, हात घालू नका. लक्षणं दिसल्यावर रेबीज जवळजवळ कधीच बरा होत नाही, जनावराचा नाही आणि माणसाचाही नाही. चावलं, ओरखडलं, लाळ जखमेला लागली तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जायचं. आणि आम्हाला फोनवरच सांगा की ह्याला मागे कधी अनोळखी जनावर चावलं होतं का, म्हणजे आम्हीही तयारीने हात लावतो.

माऊची_सावली

मांजर न्यायचं कसं यावर लिहिते, कारण कित्येक जण मांजर नेतच नाहीत, "ती येत नाही हो" म्हणून. कॅरिअर माळ्यावरून फक्त डॉक्टरांकडे जायच्या दिवशी खाली येतो, मग तो दिसला की ती पलंगाखाली. कॅरिअर कायम घरात उघडा ठेवा, आत तिचं जुनं पांघरूण, कधीतरी आत खाऊ. वरून उघडणारा घ्या, म्हणजे ओढून काढावं लागत नाही, वरचा भाग काढला तर ती खालच्या भागात बसल्या बसल्या तपासता येते. नेताना टॉवेल टाकून झाका. वेटिंगमध्ये जमिनीवर ठेवू नका, तिथे कुत्र्यांची नाकं येतात, बाकावर किंवा मांडीवर ठेवा. फारच घाबरणारी असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, घरून निघण्यापूर्वी द्यायचं शांत करणारं औषध ते देऊ शकतात. भीतीने अर्धमेली करून नेण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

आणि एक, मांजर दुखणं सांगत नाही. ओरडत नाही, लंगडतही नाही धड. आमच्या म्हातारीच्या बाबतीत मला काय दिसलं सांगते. पूर्वी खालून थेट खिडकीत उडी मारायची, मग आधी खुर्चीवर, मग टेबलावर, मग खिडकीत असं टप्प्याटप्प्याने जायला लागली. उतरताना पुढचे पाय आधी खाली टेकवून क्षणभर थांबायची. आणि कमरेजवळच्या केसांच्या जटा व्हायला लागल्या, बाकी अंग चकाचक, फक्त तेवढाच भाग, कारण तिथपर्यंत मान वळवून चाटणं तिला जमत नव्हतं. सगळे म्हणत होते वय झालं. एक्सरेत सांधे झिजलेले निघाले. औषध सुरू झालं आणि जटा बंद झाल्या. वय हा आजार नाही, दुखणं हा आजार आहे आणि त्यावर औषध असतं.

शेपटीवाली

शेवटचा भाग वाचून डोळ्यात पाणी आलं. आमच्या घरात पण "वय झालं" हेच चालतं. उद्याच नेते.

काळा_बोका

सगळ्यांना अपडेट. रात्रीच नेला. तुंबलेलंच होतं. भूल देऊन नळी घातली, पोटॅशियम चढलेलं होतं म्हणून सलाईन आणि औषधं चालू आहेत, आत्ता ॲडमिट आहे, नळी अजून ठेवलीय. डॉक्टर म्हणाले सोमवारपर्यंत थांबला असता तर बहुतेक हाती लागला नसता. टेबलाजवळ आणि माऊची_सावली, तुमचे उपकार मी विसरणार नाही. आईने त्याला बघून डोळे पुसले, आता तीच सगळ्या मांजरवाल्यांना फोन करून सांगतेय.

घरी आल्यावर काय बघायचं? परत होऊ शकतं असं म्हणाले.

टेबलाजवळ

फार बरं वाटलं वाचून. हो, परत होऊ शकतं, विशेषतः पहिल्या काही दिवसांत. बॉक्समधले ओले गोळे रोज मोजा, आकारासकट. गोळे बारीक आणि जास्त व्हायला लागले की लगेच फोन. पाणी पोटात जास्त गेलं पाहिजे, म्हणून ओलं खाणं, पाण्याची भांडी दोनतीन ठिकाणी, काहींना वाहतं पाणी आवडतं. डॉक्टर खास खाणं देतील, त्यासोबत दुसरं काही मिसळू नका. घरात ताण कमी, बॉक्स स्वच्छ, मांजरं जास्त असतील तर मांजरांपेक्षा एक बॉक्स जास्त. आणि चाटू-चावू नये म्हणून गळ्यात घातलेला कोन (प्लास्टिकची कॉलर) काढू नका, कितीही केविलवाणा बघितला तरी. टाके असोत, नळी असो, पाच मिनिटांसाठी काढला आणि तेवढ्यात चावून सगळं बाहेर, हे आम्ही सारखं बघतो.

काळा_बोका

कोनाचं लक्षात ठेवतो. आणि गोळ्या कशा द्यायच्या? चावतो.

टेबलाजवळ

टॉवेलमध्ये गुंडाळा, फक्त डोकं बाहेर. डोकं वरून धरून नाक छताकडे, खालचा जबडा दुसऱ्या हाताच्या बोटाने उघडायचा, गोळी जिभेच्या मुळाशी टाकायची, तोंड मिटून घसा चोळायचा. आणि मग सिरिंजने थोडं थोडं करून साधारण पाच मिली पाणी द्यायचंच, गालाच्या बाजूने, घाई न करता. मांजराची अन्ननलिका गोळी तशीच अडकवून ठेवते. डॉक्सीसायक्लिनसारखी गोळी असेल तर तिथे जखम होऊन अन्ननलिकाच आखडते आणि मग घास उतरत नाही. जमतच नसेल तर गोळ्या बंद करू नका, आम्हाला सांगा, बऱ्याच औषधांचं लिक्विड मिळतं. पहिला डोस द्यायला क्लिनिकमध्ये या, दाखवते.